पिंग जातोय, तरी शेड बंद

चाकणच्या एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. सर्व्हर रूममध्ये सिस्कोचा लेयर ३ कोअर स्विच आहे, म्हणजे राउटिंगही करणारा मुख्य स्विच. आवारापलीकडच्या डिस्पॅच शेडमधला छोटा स्विच त्याला फायबरने जोडलेला आहे. एका सकाळी शेडमधून फोन आला, "साहेब, बिलिंग उघडत नाही, लेबलही निघत नाहीत. गाड्या खोळंबल्यात." ऑफिसात मात्र तेच बिलिंग सुरळीत चालू होतं.

कोअरवर लॉगिन करून शेडच्या स्विचला पिंग मारला, म्हणजे उत्तर येतं का हे बघायला छोटी पॅकेटं पाठवली. पाचपैकी पाच उद्गारचिन्हं आली, म्हणजे पाचही उत्तरं. पुष्कळ जण इथंच थांबतात आणि "नेटवर्क चालू आहे, तुमचे पीसी बघा" म्हणून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. आमच्या सगळ्या स्विचचे पत्ते मॅनेजमेंटच्या व्हीलॅन ९९ मध्ये आहेत (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचांवर आणि केबलींवर चालणारं वेगळं नेटवर्क), शेडचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर व्हीलॅन २० मध्ये. त्या पिंगने ९९ चा रस्ता तपासला. शेडमधली माणसं काम करतात ती २० वर.

मग शेडच्या लेबल प्रिंटरलाच पिंग मारला. प्रिंटर मुद्दाम निवडला, कारण विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही आणि आपण उगाच केबल तपासत बसतो. पाच टिंबं आली, म्हणजे एकही उत्तर नाही. एआरपी म्हणजे 'हा आयपी पत्ता कुणाचा?' असं विचारून त्या यंत्राचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, मिळवणं. 'शो आयपी एआरपी'मध्ये प्रिंटरच्या पत्त्यासमोर मॅक नव्हता, नुसतं 'इनकम्प्लीट'. इथं माझा शोध एकदम आटोपशीर झाला. कोअरचा एक पत्ता २० मध्येही आहे. एकाच व्हीलॅनमध्ये असून एआरपीलाच उत्तर येत नाही, तेव्हा राउटिंगकडे, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात जाणाऱ्या रस्त्याकडे, बघण्यात अर्थ नव्हता.

९९ चालू असल्यामुळे शेडच्या स्विचवर एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, जाता आलं. तिथल्या 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल'मध्ये प्रिंटरचा मॅक त्याच्या पोर्टवर व्यवस्थित दिसत होता. कोअरच्या फायबर पोर्टवर मात्र व्हीलॅन २० चा एकही मॅक नव्हता. एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीला ट्रंक म्हणतात. कोअरवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' दिली आणि उत्तर समोर आलं: त्या पोर्टवर परवानगी फक्त ४० आणि ९९ ला.

४० हा सीसीटीव्हीचा नवा व्हीलॅन. आदल्या संध्याकाळी बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसाने कॅमेरे जोडताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०,९९' असं टाकलं होतं, 'अ‍ॅड' न लिहिता. 'अ‍ॅड' नसेल तर नवी यादी जुन्या यादीत मिसळत नाही, तिची जागाच घेते, आणि स्विच काही विचारतही नाही.

'अलाउड व्हीलॅन अ‍ॅड २०' दिलं आणि पुन्हा पिंग मारला. आधी एक टिंब, मग चार उद्गारचिन्हं, यश ८० टक्के. ते पहिलं टिंब बघून घाबरायचं नाही. एआरपीचं उत्तर येईपर्यंत पहिलं पॅकेट बहुधा वाया जातंच. दुसऱ्यांदा पाचही आली. तरी १००० पॅकेटांचा पिंग लावला, साइझ १५०० बाइट आणि डीएफ-बिट (पॅकेटचे तुकडे करू नका अशी खूण) लावून. नेहमीचा पिंग १०० बाइटचा असतो, आणि एवढीशी पॅकेटं खराब फायबरवरूनही पुष्कळदा निभावून जातात. एकही पडलं नाही. शेडमधून लेबल निघाल्याचं कळल्यावर कॉन्फिग सेव्ह केलं.

मग कॅमेऱ्यांच्या कामात हात लागलेले बाकीचे ट्रंकही तपासले. गेटकडच्या ट्रंकवरूनही २० गायब होता. गेटच्या केबिनमध्ये अजून कॉम्प्युटर बसवलेला नाही, म्हणून तिथून तक्रार आली नव्हती. तोही लगेच जोडला.