बॉक्सग्रोव्हची खिडकी

१७ ऑगस्ट, रात्री

आज बॉक्सग्रोव्हला जाऊन आले. इंग्लंडमधल्या चिचेस्टरजवळचं हे एवढंसं गाव, आणि गावाच्या मानानं केवढं तरी मोठं, बाराव्या शतकातलं चर्च. पूर्वी इथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता. दिवस मुद्दाम धरला होता. १९४० साली याच तारखेला वैमानिक बिली फिस्क गेला.

आधी कबरीपाशी थांबले. मग त्याच्या आठवणीची खिडकी बाहेरून पाहिली. काळपट काच आणि शिशाच्या रेघा, बाकी काही कळेना. आत पाऊल टाकलं आणि तीच काच बोलू लागली. ढग सरकला की उजळायची, पुन्हा मंदावायची. रंगीत काचेत रंग वरून फासलेला नसतो. काच वितळवतानाच त्यात धातू मिसळतात, कोबाल्टनं निळा उतरतो. म्हणून तो काचेच्या अंगात असतो आणि उजेडाशिवाय दिसत नाही. बाकावर बसून किती वेळ गेला, लक्षातच आलं नाही.

बिली अमेरिकन. १९२८ साली सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फाच्या उतारावरून सुसाट सुटणारी पाच जणांची बॉबस्ले यानं हाकली आणि सुवर्णपदक जिंकलं. वय १६! १९३२ला लेक प्लॅसिडमध्ये पुन्हा सुवर्ण. पैसा होता, नाव होतं, नुकतं लग्न झालं होतं. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१मध्ये, हा मात्र त्याच्या कितीतरी आधी ब्रिटिश हवाई दलात भरती झाला. त्यासाठी स्वतःला कॅनडाचा म्हणवून घेतलं, असं सांगतात.

१६ ऑगस्टला जर्मनांच्या स्टुका विमानांनी टँगमेरच्या विमानतळावर बाँब टाकले. ६०१ स्क्वाड्रनमधला बिली तेव्हा हवेत होता. त्याच्या हरिकेनला गोळ्या लागल्या, तरी त्यानं विमान तळावर आणून उतरवलं. हात आणि घोटे भाजले होते. दुसऱ्या दिवशी चिचेस्टरच्या रुग्णालयात तो गेला. २९ वर्षांचा. शवपेटीवर दोन्ही देशांचे झेंडे घातले होते. मला त्या दोन झेंड्यांचं फार वाटलं.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याच्या नावाची पाटी ४ जुलै १९४१लाच लागली. इथली खिडकी मात्र २००८च्या सप्टेंबरमधली, म्हणजे ६८ वर्षांनंतरची. त्याला प्रत्यक्ष ओळखणारे तोवर किती उरले असतील? तरीही गावाला ती हवीशी वाटली.

फुलं बदलायला एक आजी आल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या बिलीला भेटायला आलात का?"

आमच्या.

मला या देशात येऊन २२ वर्षं झाली. "मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न अजून येतो आणि मीही आनंदानं सातारा सांगते. आज त्या एका शब्दावर डोळे भरून आले. आजींनी काही विचारलं नाही. हातातली फुलदाणी खाली ठेवली आणि छताकडे बोट दाखवलं. सोळाव्या शतकात लँबर्ट बर्नार्डनं तिथे वेली आणि फुलं रंगवली आहेत. मान दुखेपर्यंत आम्ही दोघी वर बघत राहिलो.

निघताना त्यांनी सांगितलं, हिवाळ्यात लवकर अंधारतं. संध्याकाळी प्रार्थनेसाठी आत दिवे लागले, की या काचांचे रंग बाहेर कबरींच्या बाजूनं दिसतात.

डिसेंबरात पुन्हा जायचं. चारच्या आत पोचायला हवं.