आमची वाटचाल : इचलकरंजी आणि डीबीची कामे

१९९४ साली आम्ही इचलकरंजीत विद्युत ठेकेदारी सुरू केली, तेव्हा मागाच्या शेडमधला डीबी, म्हणजे वेगवेगळ्या सर्किटना वीज वाटणारा बोर्ड, हा नुसती लाकडी फळी आणि त्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूज उडाला की कुणीही येऊन जाड तार भरायचा. भागीदार आयटीआयचा वायरमन, माझ्याकडे सुपरवायझरचे सर्टिफिकेट. भांडवल म्हणाल तर हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) आणि लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबायचा क्रिम्पिंग टूल. तो मेगर अजून चालतो. हँडल फिरवून काटा इन्फिनिटीकडे, म्हणजे गळती नसल्याच्या खुणेकडे, गेल्याशिवाय आम्ही सप्लाय चालू केलेला नाही.

पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे आप्पा, जुने यंत्रमागधारक. त्यांच्या शेडमध्ये रुईची धूळ अशी की साध्या डीबीत बसबारवर (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) बघता बघता थर बसायचा. आम्ही गॅस्केटचा, धुळीपासून संरक्षण देणारा आयपी ५४ चा बोर्ड सुचवला. केबल खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या तोंडातून) घेतली, वरच्या बाजूला एकही भोक पाडले नाही. दर इतरांपेक्षा जास्तच होता. आप्पा म्हणाले, "शेड जळाल्यावर स्वस्ताईचं काय करू?" काम आम्हालाच मिळाले.

पुढची वर्षे कामे मिळत गेली. मग २०११ आले.

एका अपार्टमेंटचे वायरिंग आम्ही घेतले होते. पाइप, वायर ओढणे, अर्थिंग सगळे झाले. डीबी बसवायच्या वेळी बिल्डरने ते काम दुसऱ्या ठेकेदाराला दिले, कारण त्याचा दर कमी. आमचे बिल अडकले. दुकानदारांनी उधारी बंद केली, पोरांचे पगार थकले. एवढ्यावर भागले असते. पण लोक राहायला आले आणि एका रात्री कितीतरी घरांतले टीव्ही, फ्रिज जळाले. मीटर रूमच्या दारावर स्टिकर आमचा. गावभर बभ्रा झाला की वायरिंग ह्यांचेच.

तेव्हा आप्पा स्वतः माझ्याबरोबर तिथे आले. सोसायटीच्या लोकांसमोर मी मेन डीबीचे कव्हर काढले. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जाण्याची, वायर लग न लावता तशीच लिंकमध्ये (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीत) खुपसलेली. स्क्रू तांब्यावर नाही, पीव्हीसीवर आवळलेला. लिंक काळी पडलेली. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथे २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास चढू शकतात. ते लोकांना तिथेच कळले. पण गावातली चर्चा काही लगेच थांबली नाही. दोन कारखानदारांनी ठरलेली कामे काढून घेतली. भागीदार त्याच काळात सोडून गेला. त्याला मी दोष देत नाही, त्याचेही घर होते. आप्पांनी नव्या शेडचे काम आगाऊ रकमेसह दिले म्हणून दुकान उघडे राहिले. बिल्डरकडचे ते बिल आजतागायत मिळालेले नाही, आणि तो ठेकेदार आजही आमच्यापेक्षा कमी दर देतो.

तेव्हापासून आमच्या कामात प्रत्येक वायरीला लग आणि नंबरची फेरूल (ओळखीसाठीची छोटी नळी) असतेच. सप्लाय दिल्यावर काही दिवसांनी लोड चालू असताना जोडण्यांचे तापमान बघतो, मग मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

घर बांधणाऱ्यांना एवढेच सांगतो. १.५ चौ. मिमी वायरला १० अँपिअरपेक्षा मोठी एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावू देऊ नका. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवणारा वायरमन दारात उभा करू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) घ्याच आणि तिचे 'टी' बटण अधूनमधून दाबून बघा. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकत्र केले तर त्या विनाकारण पडतात, मग लोक वैतागून त्या काढूनच टाकतात. डीबीत दोन-तीन वे (एमसीबी बसवायच्या जागा) मोकळे ठेवा, पुढे एसी येतोच. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराकडून कव्हर उघडून घ्या, न्यूट्रल लिंक स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मेगरचे आकडे टेस्ट रिपोर्टवर सहीनिशी लिहून घ्या.