उतारावरचा फ्रिज

काशीदला पोचलो की बायको समुद्राकडे बघायची आणि मी जमिनीकडे. गाडी थांबली रे थांबली की मी फ्रिज उघडून आत लेव्हलची पट्टी ठेवायचो, बुडबुडा कुठल्या अंगाला पळतोय ते बघायचो, आणि खाली उतरून कुठल्या चाकाखाली फळी सारायची त्याचा हिशेब करत बसायचो. "अहो, समुद्र सपाटच आहे, या इकडे," असं ती लांबून ओरडायची.

आमची गाडी म्हणजे जुनी सतरा सीटर. आधीच्या हौशी मालकाने सीटा काढून आत दोन पलंग, ओटा आणि एक परदेशी फ्रिज बसवून घेतलेला. फ्रिज तीन तऱ्हांनी चालणारा: गॅसवर, घरच्या विजेवर किंवा गाडीच्या बॅटरीवर. गॅसवर फ्रिज चालतो हे मला आधी खरंच वाटेना. खाली आग लावायची आणि वर बर्फ मिळवायचा! पण ते तसंच आहे. स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली हे डोकं चालवलं. पाण्यात विरघळलेला अमोनिया उष्णतेने सुटतो, वर जाऊन थंड होतो, द्रव होऊन खाली ओघळतो, आणि त्याची वाफ होताना फ्रिजच्या पोटातली उष्णता ओढून घेतो. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे आवाजही नाही. सगळं फक्त उतारावर ओघळण्याच्या भरवशावर. म्हणूनच फ्रिज सरळ उभा लागतो. चालत्या गाडीत सगळं हिंदकळत असतं तेव्हा निभावतं. पण गाडी तिरकी उभी राहिली की अमोनिया नळीत अडून बसतो.

त्यात गॅसची लाइन आम्ही कधी जोडलीच नाही. जिथे चार माणसं झोपतात त्या डब्यात रात्रभर ज्योत तेवत ठेवायची माझी छाती झाली नाही. बॅटरीवर लावावा तर तो सतत दहा-बारा अँपिअर ओढायचा आणि पहाटेपर्यंत बॅटरीला झोपवायचा. मे महिन्यातल्या कोकणात तर त्याने हातच टेकले. रात्री दूध ठेवावं, सकाळी दही काढावं. शेवटी बायकोने जाहीर केलं की विरजण लावायला तिला एवढं महाग भांडं नकोय.

नवा फ्रिज मी स्वतः बसवायचं ठरवलं. कारण साधं होतं: घोडबंदर रोडच्या ज्या मेकॅनिकला विचारलं, त्याने आत डोकावून "साहेब, हा आधी ठेवलाय आणि मग भोवती कपाट बांधलंय" एवढंच सांगितलं आणि तो चहाला निघून गेला. एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पडदे काढून कामाला लागलो. दिसणारे सहा स्क्रू दहा मिनिटांत निघाले. न दिसणारे दोन सिलिकॉनखाली होते. त्यांनी दुपार खाल्ली. तोवर भोवती माणसं जमली. ठाण्यात कुणी बॉनेट उघडलं तर लोक थांबतात, इथे तर गाडीतून फ्रिज बाहेर येत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "गॅस भरून बघितलात का?" हे तीन वेळा विचारलं.

खरी गंमत भंगारवाल्याने केली. त्याने फ्रिज फिरवला, पाठीमागे वाकून बघितलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जशी मी त्याच्या बापजाद्यांची जमीन लाटली. "काका, कॉम्प्रेसर कुणी काढला?" म्हटलं, याला नसतोच. "आणि कॉपर?" तेही नसतं, अमोनिया तांब्याला खातो, म्हणून नळ्या पोलादी. तो हसला. तीस वर्षांच्या धंद्यात कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज त्याने पाहिला नव्हता. आणि मी रविवार साधून तांबं आधीच विकून आलोय, याबद्दल त्याची खात्री होती. पत्र्याच्या भावात नेतो म्हणाला. वर, नळ्या कापून बघू का, असंही. आत दाबाखाली अमोनिया आहे. कापला असता तर सगळी सोसायटी डोळे चोळत बाहेर आली असती. मी फ्रिज ठेवून घेतला.

नवा फ्रिज कॉम्प्रेसरचा, बारा व्होल्टचा, चालताना चार-एक अँपिअर घेणारा. बसला झटकन, चालेना. थोडा घुरघुरायचा आणि गप्प व्हायचा. दोन दिवस मी फ्रिजलाच शिव्या घातल्या. मग मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट आणि फ्रिजपाशी, तो सुरू होण्याच्या क्षणी, साडेदहाच्याही खाली! कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट मागतो आणि कमी व्होल्टेज दिसलं की स्वतःच बंद पडतो. दोष वायरीचा. घरातल्या ट्यूबलाइटला लावतात तसली बारीक वायर पूर्वी कुणीतरी ओढलेली, आणि तिच्यावर त्या जुन्या बिचाऱ्याने बारा अँपिअर ओढत इतकी वर्षं काढली होती. प्लास्टिक तपकिरी पडलेलं. म्हणजे त्याला मी नाही नाही ते बोललो त्यातलं अर्धं तरी वायरीच्या नावावर टाकायला हवं. नौपाड्यातून सहा स्क्वेअर एमएमची जाड वायर आणली. दुकानदाराने विचारलं, "गीझरला का?" म्हटलं, फ्रिजला. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. बॅटरीपाशी पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकला, पाठीमागे हवा खेळायला खाली-वर जाळी ठेवली, आणि गाडी मुद्दाम पार्किंगच्या रॅम्पवर तिरकी उभी केली.

तासाभरात बाटलीवर दव. उताराला तो मुळीच बधला नाही. रात्री मात्र दर वीस मिनिटांनी घुर्र करून उठतो, आणि मी त्याच्याबरोबर.

जुना आता आमच्या बाल्कनीत आहे. बायको त्यात पापड, कुरडया, सांडगे ठेवते. पावसाळ्यात सादळत नाहीत म्हणते. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला आहे. परवा मी सहज आत पट्टी ठेवून बघितली. बुडबुडा डावीकडे गेला होता. खाली लाकडाची एक चपटी फळी सरकवली.

"कशाला?" तिने विचारलं.

"पापड एका बाजूला येतील," मी म्हटलं.