माझा विरोध नावानिशी लिहा

रविवार, 13 जुलै 2025. रात्री साडेदहा.

सोसायटीची वार्षिक सभा आज एकदाची उरकली. गच्चीत पत्र्याखाली खुर्च्या, वर पावसाचा ताशा, त्यामुळे निम्मी सभा ओरडण्यातच गेली. पेटला तो एकच विषय: लिफ्ट दुरुस्त करायची की नवी बसवायची. नवीच्या बाजूने 17 हात, विरोधात 5. त्या पाचांत तळमजल्यावरचे अण्णा. लिफ्टशी त्यांचा संबंध वर्गणीपुरताच! सभा संपली, चहा आला, तरी माझ्या खुर्चीपासून हलेनात. "सेक्रेटरी, इतिवृत्तात माझा विरोध नावानिशी लिहा." म्हटलं, लिहितो घरी गेल्यावर. "आत्ता. माझ्यासमोर." लिहिलं. त्यांनी चष्मा चढवून वाचलं, आडनावातला ऱ्हस्व दीर्घ करून घेतला आणि मगच कपाला हात लावला.

तेव्हा चिडलो होतो. आता वही पुढे घेऊन बसलोय तर वाटतं, म्हाताऱ्याचं काय चुकलं?

गुरुवारी विधानसभेत जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी आणलेलं) मंजूर झालं, आवाजी मतदानाने. शुक्रवारी विधान परिषदेत विरोधक सभात्याग करून बाहेर पडले आणि तिथेही ते मार्गी लागलं. 12 हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या म्हणे. विधानसभेत डहाणूचे विनोद निकोले एकटे विरोधात बोलले. बाकी विरोधी बाकांवरच्यांनी नेमकं काय केलं ते समजायला मार्ग नाही. माझ्या आमदारांनी काय केलं, तेही नाही. ते तेव्हा सभागृहात होते की बाहेर चहा घेत होते, इथपासून प्रश्न. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." मग एकच गलका, आणि "होयचे बहुमत, होयचे बहुमत." संपलं. त्या गलक्यात कुणाचा आवाज होता, याची नोंद कुठेच नाही.

कुणी मागितली तर मतविभागणी होते, म्हणजे मतं मोजून घेतात, पण मागायला हवी ना. आणि मागण्याची हौस ज्याच्या-त्याच्या सोयीने येते-जाते. 12 नोव्हेंबर 2014 मला नीट आठवतो. भाजपचे निवडून आलेले 122, म्हणजे बहुमताला कमी. हरिभाऊ बागडे अध्यक्ष. फडणवीसांवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणीसाठी घसा फोडत राहिले, ती काही झाली नाही. मी तेव्हा टीव्हीला शिव्या घालत होतो, हिला आठवत असेल.

मग 2021. महाविकास आघाडीचं सरकार. विधानसभा अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने व्हायची, ती खुली करण्यासाठी त्यांनी नियमच बदलला. उघड कारण पारदर्शकता, खरी भीती आपलेच आमदार फुटतील याची. आता गुप्त मतदानासाठी भाजपवाले भांडत होते, कोर्टापर्यंत गेले. राज्यपाल कोश्यारी निवडणुकीला मान्यता देईनात, अध्यक्षाविना सभागृह 2022च्या जुलैपर्यंत चाललं. आणि सरकार बदलल्यावर, 3 जुलैला, राहुल नार्वेकर निवडून आले ते त्याच खुल्या पद्धतीने, 164 विरुद्ध 107. नियमावर तोंडसुख घेणारेच त्या नियमाचे लाभार्थी! यावर पुढे कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

मोजून मतदान झालं की बघायला मजा येते, हे मात्र कबूल. 2019च्या 30 नोव्हेंबरला ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर एकेक आमदार उभा राहून स्वतःचं नाव आणि क्रमांक सांगत होता. बाजूने 169, विरोधात कुणीच नाही, चार तटस्थ, भाजप बाहेर. 2022 साली शिंदे सरकारच्या ठरावावर 164 विरुद्ध 99, आणि अशोक चव्हाण, वडेट्टीवार दारं बंद झाल्यावर पोचले म्हणून बाहेरच. शाळेत घंटा झाल्यावर येणाऱ्या पोरांसारखे.

पण तो उभा राहणारा आमदार तरी माझा कुठे असतो? तो व्हिपचा, म्हणजे पक्षाच्या आदेशाचा. 1985च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं की आमदारकीवर गदा. मे 2023मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा आदेश काढणारा प्रतोद नेमणं हे राजकीय पक्षाचं काम, विधिमंडळातल्या गटाचं नाही. ठीक. म्हणजे मालक कोण ते ठरलं, पण त्या यादीत मी नाहीच.

राहिलं गुप्त मतदान. परिषदेसाठी आमदार अजूनही गुप्तपणेच मत देतात, राज्यसभेला मात्र पक्षाच्या एजंटाला दाखवून. (तेही नियमानेच. जून 2022मध्ये सुहास कांदे यांचं मत, एजंटाशिवाय इतरांनाही दिसल्याच्या तक्रारीवरून, बाद झालं.) राष्ट्रपतिपदाची निवडणूक सोडली तर माझा आमदार पक्षाच्या नजरेबाहेर जातो, तो फक्त या परिषदेच्या पेटीपाशी. आणि तिथे तो काय करतो? 20 जून 2022ला काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, पक्षाच्या पहिल्या पसंतीचे उमेदवार असून. त्याच रात्री एकनाथ शिंदे बंड करून सुरतेच्या वाटेला लागले. 2024च्या जुलैत पुन्हा काँग्रेसची मतं फुटली. आमदाराला मोकळीक मिळाली की आपल्या डोक्यात पहिला विचार 'किती घेतले असतील' हाच येतो, विवेकाची शंका कुणालाच येत नाही. मलाही नाही.

आमदारांच्या कार्यालयात एक पत्र टाकावं का? 'गुरुवारी आपण होय म्हणालात की नाही, कृपया कळवावे.' पोच मिळेल, उत्तर मिळणार नाही. महापालिकेत तर विचारायलाही कुणी नाही. मार्च 2022मध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. तरी पत्र टाकतो. पुणेकराला पत्र टाकण्याचा कंटाळा येऊन कसं चालेल.

ही आत्ता डोकावून गेली. इतिवृत्ताचं पान वाचलं, म्हणाली, "अहो, सतरा आणि पाच बावीस. घरं तर चोवीस." म्हटलं, वरचे जोशी कोकणात गेलेत. "आणि दुसरं?"

मी गप्प. अध्यक्ष नव्या लिफ्टच्या बाजूचे, अण्णा शेजारी, सेक्रेटरीने कशाला वाईटपणा घ्यावा म्हणून मी खाली बघून लिहीत बसलो होतो.

'तटस्थ 1' एवढं घातलंय. नाव अजून लिहिलेलं नाही.