दक्षिण बाल्कनीची वही : पितृपक्ष ते दिवाळी, 2025

दक्षिणेकडची बाल्कनी म्हणजे बारा महिने ऊनच ऊन, असं बिल्डर सांगतो, नर्सरीवाला सांगतो आणि आपणही मान डोलावतो. इंदूरात तरी तसं नाही. आपलं शहर 22.7 अक्षांशावर आणि कर्कवृत्त 23.4 वर, म्हणजे उज्जैनच्याही जरा पलीकडे. त्यामुळे मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै लागेपर्यंत तर तो भर दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. उगवायचा ईशान्येला, मावळायचा वायव्येला. वरच्या मजल्याचा स्लॅब पुढे आलेला असेल तर दक्षिणेच्या बाल्कनीत उन्हाचा तुकडासुद्धा पडत नाही. बाहेर पारा बेचाळीसला टेकलेला आणि इथे तुळस उजेडासाठी मान वाकडी करून उभी, असा प्रकार.

ऊन येतं ते पाऊस सरताना. म्हणून माझ्या बागेचं वर्ष पाडव्याला नाही, पितृपक्षात सुरू होतं. पितृपक्षात नवं काही करू नये म्हणतात. आईंना (सासूबाईंना) मी सांगितलं, नवं काही करत नाही, नुसत्या रेघा मारते आहे.

रेघांबद्दल आधी

बाल्कनी चार फूट खोल, जमिनीपासून स्लॅबपर्यंत नऊ फूट, कठडा जाळीचा, खाली कोटा फरशी. अन्नपूर्णा रोडच्या बाजूच्या जुन्या इमारतीतला तिसरा मजला, समोर अजून तरी काही उभं राहिलेलं नाही. भर दुपारी स्लॅबची सावली जिथे संपते आणि ऊन जिथे थांबतं तिथे खडूने रेघ मारायची आणि कठड्याकडच्या कडेपासून टेपने मोजायचं, एवढंच. भर दुपार म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपली घड्याळं 82.5 रेखांशाची वेळ दाखवतात आणि आपण 75.9 वर, म्हणून सप्टेंबरअखेर इथला खरा मध्यान्ह 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो 12.10 पर्यंत अलीकडे सरकतो. उज्जैनला सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे, पुढे 1923 मध्ये शिंदे सरकारने तिची डागडुजी केली. तिथल्या शंकुयंत्रावर, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या शंकूवर, हेच काम फार देखणं होतं. आपल्याला खडू पुरतो.

समोरच्या गॅलरीतून भाभींनी विचारलंच, "इतनी धूप में फर्श पे क्या नाप रही हो?" मी म्हटलं, "धूप ही नाप रही हूँ." त्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

7 सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा

रेघ कडेपासून 2 फूट 8 इंचांवर. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आईंनी पाण्याच्या पिंपात तुळशीचं पान टाकलं, ते माझ्याच कुंडीतलं, त्यामुळे बागेचं पहिलं उत्पन्न म्हणून इथे लिहून ठेवते.

या पंधरवड्यातलं काम फक्त मातीचं. मालव्याची काळी माती शेताला सोन्यासारखी, पण कुंडीत ती एकटी घालू नका. पाऊस असेपर्यंत फुगून चिकट गोळा होते आणि ऊन लागलं की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत उतरतं आणि मुळं कोरडीच राहतात. ताटली भरलेली दिसली की आपल्याला वाटतं झाड प्यायलं. माझं मिश्रण : काळी माती एक भाग, घरचं कंपोस्ट एक भाग, कोकोपीट अर्धा भाग आणि मूठभर निंबोळी पेंड. कंपोस्ट घरच्याच ओल्या कचऱ्याचं. इंदूरात कचरागाडी गाणं वाजवत दारात येते, शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, तेव्हा साली गाडीत टाकल्या तरी त्या वाया जात नाहीत, हे मान्य. पण भाजीच्या सालीचं ड्रममध्ये काळं, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या रानाच्या वासाचं खत झालेलं हाताने उपसण्यात जो आनंद आहे तो मी महापालिकेला का द्यावा?

22 सप्टेंबर, घटस्थापना

यंदा घटस्थापना आणि विषुवदिन एकाच दिवशी आले. रेघ 3 फूट 9 इंच. या दिवसांत सूर्य सगळ्यात घाईत असतो. रेघ रोज जवळजवळ एक इंचाने आत सरकते. सकाळचा चहा घेऊन बसलं तर कालची खडूची रेघ आणि आजचं ऊन यांतला फरक चष्म्याशिवाय दिसतो. डिसेंबरात हीच रेघ आठवडाभर एका जागी बसल्यासारखी वाटेल.

घटाखालची माती दरवर्षी माझ्या बादलीतली असते, धान्य आईंच्या डब्यातलं. यंदा त्याच गव्हाची एक मूठ मी दुसऱ्या वाडग्यात, त्याच मातीत पेरून बाल्कनीत ठेवली. देवघरातलं धन (घटाखाली उगवलेली रोपं) भराभर उंच झालं, पिवळंधमक, काड्या मऊ आणि एका बाजूला झुकलेल्या. बाल्कनीतलं त्याच्या निम्म्या उंचीचं, गडद हिरवं, बोटाने दाबलं तर टणक. कारण साधं आहे. अंधारात रोपाला हिरवं द्रव्य तयार करता येत नाही. दाण्यातली सगळी शिदोरी ते नुसतं उंच व्हायला खर्च करतं, वर कुठेतरी उजेड सापडेल म्हणून. यंदा तृतीया दोन दिवस आल्याने नवरात्र दहा दिवसांचं होतं, त्यामुळे देवघरातल्या धनाला एक दिवस जास्त मिळाला आणि ते घटाच्या गळ्याच्याही वर गेलं.

दोन्ही वाडगी शेजारी ठेवून मी आईंना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं पण दसऱ्याला डोक्यात माळायला पिवळंच छान दिसतं." तेही खरं. हिरवं मी कात्रीने कापून डाळिंबाच्या कोशिंबिरीत घातलं.

26 सप्टेंबर

ऊन उंबऱ्याला लागलं. ढग होते, मधेच पाच मिनिटं उघडलं तेवढ्यात पाहून घेतलं.

दसऱ्यानंतर

झेंडू मी लावतच नाही. दसऱ्याला बाजारात ढीग असतो आणि सप्टेंबरपर्यंत ऊन नसलेल्या बाल्कनीत तो नुसता काटकुळा वाढतो. त्याऐवजी शेवंती, आणि इथे समानधर्मींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शेवंतीला कळी धरायला खत लागत नाही, लांब रात्र लागते. दिवस लहान होऊन रात्र पुरेशी लांबली की मगच ती पानं काढायचं थांबवून कळ्यांकडे वळते. त्यातही रात्र सलग हवी. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी तिचा हिशेब मोडतो. आमच्या बाल्कनीसमोर रस्त्यावरचा पांढरा एलईडी दिवा आहे, आणि मागच्या वर्षी अर्ध्या शहराच्या शेवंत्या फुलल्या तरी आमची हिरवीगारच होती. यंदा सप्टेंबरअखेरपासून संध्याकाळी सहाला कुंडीवर मिक्सरचं रिकामं खोकं पालथं घालते आणि सकाळी चहा ठेवला की उचलते. तिसऱ्या आठवड्यात शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. दुसरी कुंडी मुद्दाम तशीच उघडी ठेवली आहे, तिच्यात अजून काही नाही. सकाळी खोकं उचलायचं हे आता घरातलं मानाचं काम झालंय. मुलगा आणि त्याचे बाबा यांच्यात त्यावरून वादही होतात.

6 ऑक्टोबर, कोजागिरी

ऊन उंबऱ्याच्या आत नऊ इंच. ऑक्टोबर हीटला सगळे नावं ठेवतात. पाऊस गेलेला, आभाळ धुऊन निघालेलं, जमीन अजून ओली, त्यात सरळ ऊन, म्हणून हवा दमट आणि चटका जास्त. माणसाला नकोशी, पण कुंडीतल्या झाडाला याहून चांगली हवा मिळत नाही. आणि हा चटका दिवसापुरताच. पठार साडेपाचशे मीटरवर, आभाळ निरभ्र, त्यामुळे अंधार पडला की उष्णता निघून जाते. मालव्याच्या रात्रींची जुन्या लोकांनी उगीच तारीफ केलेली नाही. आटीव दूध बाल्कनीतच चंद्राला दाखवलं. कुंड्यांमुळे तिथे दोनच माणसं मावतात, बाकीचे खोलीत उंबऱ्यालगत बसले.

कोथिंबीर या रात्रींसाठीच थांबवून ठेवली होती. माती तापलेली असेपर्यंत धणे रुसून बसतात. आता पोळपाटावर पसरून लाटण्याने अलगद दाबायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत, चुरा नाही. एका धण्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून पेरले. मेथीला हे लाड लागत नाहीत. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीची खपली डोक्यावर घेऊन वर येते. वाकून पाहिलं तर प्रत्येक रोप अजून दुमडलेलं असतं, दोन पानं हात जोडल्यासारखी मिटलेली, आणि त्यांच्यावर बीचं तपकिरी साल टोपीसारखं अडकलेलं. ते नखाने काढू नका. पाण्याचा हलका फवारा मारला की दुपारपर्यंत आपोआप गळतं.

लसूणही लावला. मंदसौर-नीमचचा लसूण बाजारात भरपूर असतो. त्यातल्या जाड पाकळ्या, टोक वर, दोन बोटं खोल. गड्डा होण्याची वाट पाहायची नाही, पातीसाठीच. तीन-चार आठवड्यांत कापायला येते, आणि हिरव्या पातीची चटणी भाकरीबरोबर असली की भाजी नाही केली तरी कुणी विचारत नाही.

पाणी : दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी बादलीत भरून दुसऱ्या दिवशी सकाळी घालते. 1978 पासून ते जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढून इंदूरला येतंय. ताटलीत उरलेलं फेकताना हे आठवतं, म्हणून मोजूनच घालते. या हवेत मातीत बोट दोन पेरं घालून पाहावं. वरचा थर कोरडा आणि आत ओल, असंच बहुतेक सापडतं.

मावा (कीड) आला आहे, मेथीवर नाही, मिरचीवर. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून.

21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ऊन खोलीत 1 फूट 11 इंच. सकाळच्या पोह्यांवर घरची कोथिंबीर पडली. अजून बोटभरच आहे, पण देठासकट खुडली आणि वर जिरावण, आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला. मेथीची पहिली कापणी आधीच झाली. सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (कंद) तळायला लागले असतील, एका संध्याकाळी जायचं आहे.

आता प्रश्न जागेचा आहे. बाल्कनीत कुंड्या भरल्या, पालकाचे दोन ट्रे खोलीतल्या उन्हाच्या पट्ट्यात ठेवले, आणि दुपारी पाहते तर आईंनी खुर्ची नेमकी तिथेच ओढलेली. पाय उन्हात, हातात निवडायची तुरीची शेंग, ट्रे भिंतीकडे सरकवलेले.

"आई, तो पट्टा पालकाचा आहे."

"पालकाचे गुडघे दुखतात का गं?"

मी हिशेब काढून दाखवला. 22 डिसेंबरला ऊन 5 फूट 4 इंच आत येणार, खुर्ची आणि दोन्ही ट्रे आरामात मावतील. तोवर ट्रे साडेबारापर्यंत आणि त्यानंतर खुर्ची, असं ठरलंय. खडूची रेघ आता आईच मारतात, आणि ती रोज माझ्या रेघेपेक्षा थोडी खुर्चीच्या बाजूला पडते.