गटिंगची पहिली ओढ: मधल्या दोन मेन

टेनिस रॅकेटमध्ये स्ट्रिंग ताणून बसवणं म्हणजे गटिंग, आणि मेन म्हणजे उभ्या स्ट्रिंग. मधल्या दोन मेन ओढताना मशीनवर जी स्थिती असते, ती पुढच्या सगळ्या गटिंगमध्ये पुन्हा येत नाही. पुढे प्रत्येक क्लॅम्प (स्ट्रिंग पकडणारा चिमटा) आधीच ताणलेल्या स्ट्रिंगवर बसतो आणि टेन्शनर (स्ट्रिंग ओढणारा भाग) सोडला की भार अलगद त्याच्याकडे येतो. पहिल्या ओढीत मात्र क्लॅम्प सैल स्ट्रिंगवर लावायचा आणि मग त्याच्यावर ५५ पाउंड, म्हणजे २५ किलो, टाकायचे. स्ट्रिंग घसरते ती बहुतेक इथेच.

पण क्लॅम्पच्या आधी एक प्रश्न सोडवायचा असतो: सुरुवात हेडकडून (रॅकेटच्या वरच्या टोकाकडून) की थ्रोटकडून (मुठीकडच्या टोकाकडून)? थ्रोटच्या पुलावरची, म्हणजे फ्रेमच्या दोन दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या भागावरची, मेनची भोकं मोजा. ६ असतील तर सुरुवात थ्रोटला, ८ असतील तर हेडला. ६ भोकं म्हणजे एका बाजूला ३. मधली जोडी थ्रोटला वळली की दुसरी आणि तिसरी मेन थ्रोटलाच एकमेकींना मिळतात, चौथी आणि पाचवी पुलाबाहेर मिळतात, सगळं सरळ जातं. तीच रॅकेट हेडकडून सुरू केली तर तिसरी मेन पुलावर येते आणि चौथी दांड्याच्या पलीकडे जाते. मग स्ट्रिंग फ्रेमच्या दांड्यावरून ओढून न्यावी लागते. ही चूक तिसऱ्या मेनपर्यंत लक्षातच येत नाही, आणि तोवर दोन्ही बाजू ताणून झालेल्या असतात.

याच मोजणीतून शेवटही ठरतो. १६ मेनची रॅकेट हेडकडून सुरू केली की आठवी मेन हेडला संपते आणि एकाच तुकड्यात आडव्या क्रॉस वरून खाली विणता येतात. थ्रोटकडून सुरू केली की मेन थ्रोटला संपतात. क्रॉस हेडकडूनच सुरू करायचे असतील, आणि बहुतेक फ्रेमना तेच मानवतं, तर अशा रॅकेटला दोन तुकडे वापरणं सोपं. अराउंड द वर्ल्ड, म्हणजे एकाच तुकड्याने क्रॉस हेडकडून सुरू करायची पद्धत, येत असेल तर एका तुकड्यातही होतं, पण ती मेनची सुरुवात हातात बसल्यावर शिकावी. १८ मेनच्या रॅकेटमध्ये हे उलटतं, कारण एका बाजूला ९ मेन येतात: थ्रोटला सुरुवात केली तर शेवट हेडला.

लांबी आधी मोजून घ्या. स्ट्रिंगचा सेट साधारण १२.२ मीटरचा असतो. दोन तुकडे करायचे तर सरळ अर्धे. एका तुकड्यात करायचं तर छोट्या बाजूला (जिच्यात फक्त मेन होतात) रॅकेटच्या पाच लांब्या, म्हणजे साधारण ३.४ मीटर ठेवा. हिशोब साधा आहे: एक मेन सरासरी ३३ सेंटीमीटर, आठ मेनचे २.६४ मीटर होतात. त्यात वळणं आली आणि टेन्शनरच्या जबड्यापर्यंत पोचायला शेपूट लागतं. शेपूट कमी पडलं की आठवी मेन ओढताच येत नाही आणि सगळं उसवावं लागतं. मध्य शोधताना दोन्ही टोकं जुळवा, पण मध्यावर स्ट्रिंग चिमटीत दाबून घडी घालू नका. पॉलिएस्टरला पडलेला मोड जात नाही, आणि नॅचरल गटचे (जनावराच्या आतड्याच्या स्ट्रिंगचे) तंतू तिथेच विलग होतात.

आता ग्रोमेट, म्हणजे भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या. मधल्या दोन भोकांवर चेंडूचा सगळ्यात जास्त मार बसतो. तिथल्या नळीची कड फाटलेली असेल तर स्ट्रिंग थेट कार्बनच्या धारेवर येते. नखाने चाचपून बघा. कड बोटाला लागली तर ग्रोमेटची पट्टी बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही मशीनवर हेडचा आधार नेमका मधल्या भोकांवर येतो. तिथे फ्रेम बसवण्याआधीच दोन्ही मेन ओवून घ्याव्यात, आणि वळण आधाराखाली चेपलं जात नाही ना ते पाहावं. ओवल्यावर दोन्ही बाजूंची उरलेली भोकं मोजा. एका भोकाने सरकलेली सुरुवात डोळ्याला मध्यातच असल्यासारखी दिसते. मोजणीतच पकडता येते.

फ्रेम बसवताना हेड आणि थ्रोटचे आधार घट्ट, बाजूचे हात फ्रेमला नुसते टेकलेले. ते आवळून ठेवायचे नाहीत.

मग पहिली ओढ. हेडकडून सुरू होणारी रॅकेट धरून सांगतो. थ्रोटची असेल तर दिशा उलटी घ्या. वळण हेडला आहे, दोन्ही टोकं थ्रोटमधून बाहेर लोंबत आहेत. साधी पद्धत अशी: डावी मेन हेडजवळ क्लॅम्प करायची, उजवी थ्रोटच्या बाजूने ओढायची, थ्रोटजवळ दुसरा क्लॅम्प लावायचा, टेन्शनर सोडायचा. मग डावी ओढायची, ओढलेली असतानाच तिचा हेडचा क्लॅम्प काढून थ्रोटजवळ आणायचा. दोन्ही क्लॅम्प थ्रोटला आले की सुरुवात झाली.

यात दुखणं एकच: पहिला क्लॅम्प एकटा पडतो. तो घसरतो की नाही हे कळायला त्याच्या जबड्याला लागून स्ट्रिंगवर मार्करची बारीक रेघ काढा. ओढून झाल्यावर रेघ आणि जबडा यांच्यात एक मिलिमीटर जरी फट दिसली तरी स्ट्रिंग घसरली. टेन्शन पुढच्या ओढीत बरंचसं भरून निघतं, पण जबड्यातून खरडत गेलेला तो तुकडा पांढुरका पडतो, बोटाला खरखरीत लागतो, आणि ते वरचं आवरण परत येत नाही. घसरलं की पहिला हात क्लॅम्पच्या स्क्रूकडे जातो. तसं करू नका. आधी जबडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिएस्टरचा मेणचट थर दातांत साठतो आणि घसरणीचं कारण बहुतेक तोच असतो. स्क्रू आवळत गेलात तर मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंची स्ट्रिंग) चपटी होते आणि गट चिरडतो. जबडा ठीक असून फट दिसली, तर क्लॅम्पचा पाया रुळावर सरकतोय का ते बघा.

यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय फुकटचा आहे. उजवी ओढली जाईपर्यंत दुसरा क्लॅम्प रिकामाच असतो, तर तोही डाव्या मेनवरच, पहिल्याच्या मागे लावा. भार दोघांत वाटला जातो. उजवी पूर्ण ताणली गेली की तो तिथून काढून उजव्या मेनवर न्या. नॅचरल गटला हीच पद्धत वापरावी, कारण कुठलाच क्लॅम्प जास्त आवळावा लागत नाही. मशीन इलेक्ट्रॉनिक असेल तर या एका ओढीसाठी वेग सर्वांत कमी ठेवा. झटका बसला की चांगला क्लॅम्पही सोडतो.

स्टार्टिंग क्लॅम्प, म्हणजे हाताने लावायचा सुटा स्प्रिंगचा चिमटा, असेल तर आणखी एक वाट आहे. डाव्या मेनचं शेपूट थ्रोटबाहेर येतं, तिथे फ्रेमला टेकवून स्टार्टिंग क्लॅम्प लावायचा आणि उजवी ओढायची. वळणातून ताण डावीकडेही जातो, ग्रोमेटच्या घर्षणात थोडा खर्च होतो. उजवी क्लॅम्प करून मग डावी व्यवस्थित ओढली की ती कसर भरते. क्लॅम्प आणि फ्रेम यांच्यात चामड्याचा तुकडा ठेवा, नाहीतर रंगावर खूण पडते. आणि लक्षात घ्या, ज्या जागी दात रुततात तो भाग पुढे वळून दुसऱ्या मेनच्या सुरुवातीला येतो. कापून टाकायच्या शेपटात जात नाही. म्हणून गटवर ही पद्धत टाळावी.

ड्रॉप-वेट, म्हणजे वजनाच्या दांड्याने ताण देणाऱ्या, मशीनवर बहुतेक फ्लाइंग क्लॅम्प असतात, म्हणजे मशीनला न जोडलेले. त्यांना धरायला शेजारची ताणलेली स्ट्रिंग लागते, आणि सुरुवातीला ती नसतेच. तिथे सुरुवातीला स्टार्टिंग क्लॅम्प वापरणं सोयीचं. डावीला तो लावून उजवी ओढा आणि वजन आडवं असतानाच थ्रोटजवळ फ्लाइंग क्लॅम्प दोन्ही मेनवर लावा. उजवीकडची दुसरी मेन ओढून दुसरा क्लॅम्प हेडजवळ पहिली-दुसरीवर लावा. आता उजवी बाजू स्वतःच्या पायावर उभी आहे. मग स्टार्टिंग क्लॅम्प काढा, डावी वजनावर घ्या, पहिला क्लॅम्प सोडून पुन्हा लावा.

पुढे एक बाजू दुसरीच्या दोन मेनपेक्षा जास्त पुढे नेऊ नका, फार तर तीन; फ्रेम एका अंगाला खेचली जाते. सहाव्या मेननंतर थांबा आणि फ्रेमचा तक्ता बघा, कारण मेनने सोडायची, क्रॉससाठी ठेवायची भोकं सातव्या-आठव्यापासून सुरू होतात आणि हेडची व थ्रोटची दर वेळी सारखी नसतात.