पन्हाळ्यावरून अर्धा वॉट

डिसेंबरात दोन दिवस वायरलेस घेऊन भटकलो: कोल्हापूर, पन्हाळा, गगनबावडा. दोन गाड्या, मागच्या गाडीत मावसभाऊ. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, त्याच्याकडे नाही, म्हणून आमच्यात सीबी (सिटिझन्स बँड, सर्वांसाठी खुला वायरलेस). २७ मेगाहर्ट्‌झच्या त्या पट्ट्यात ५ वॉटपर्यंत आपल्याकडे परवाना लागत नाही.

सीबीनं पहिल्याच तासात मान टाकली. रंकाळ्यावरून निघालो तेव्हा आवाज स्वच्छ. वाघबीळपासून चढ लागला आणि मध्ये डोंगराची सोंड आली की नुसती खरखर. निम्मा दोष आमच्या अँटेनाचा. या बँडला अँटेना पाव तरंगलांबीची हवी, म्हणजे जवळपास पावणेतीन मीटर. आम्ही लावलेली हातभर. गंमत म्हणजे मागच्या वळणावरचा भाऊ ऐकू येईना आणि मध्येच कुठली तरी परकी भाषा घुसली! सूर्यावर डाग वाढले की या लहरी आयनोस्फियरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. गाड्यांच्या ताफ्यासाठी सीबी घेणार असाल तर दोन-तीन किलोमीटरच धरा, घाटात तेवढंही नाही.

खरी मजा सज्जा कोठीजवळ. गडाचा हा काठ पूर्वेला, खाली अख्खं कोल्हापूर. राजारामपुरीत मित्र गच्चीवर, दोघांकडे हातातले १४५ मेगाहर्ट्‌झचे सेट. ५ वॉटवर बोललो, मग १, मग अर्धा.

"पॉवर खरंच कमी केलास काय रं? मला तर काय फरकच पडंना!"

शहरात हाच सेट ५ वॉटवर तीन-चार किलोमीटरमध्ये दम तोडतो. इथं वीसेक किलोमीटर, तेही अर्ध्या वॉटवर. आसपासच्या सपाटीपेक्षा चारशे मीटर उंच उभं राहिलं की या लहरींचं क्षितिज ऐंशी किलोमीटरवर जातं. मग तसाच चालत पश्चिमेच्या पुसाटी बुरुजावर गेलो, पॉवर पुन्हा ५ वॉट. मित्र गायब. मध्ये गड आला ना. जास्त वॉटचा सेट घेण्याआधी जागा बदलून बघा, पैसे वाचतील.

गगनबावड्यातून १४५ वर कोल्हापूर लागलं नाही, लागणार नव्हतंच. मध्ये डोंगर. तिथं ४० मीटर बँड काढला, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीचा हॅमचा पट्टा: दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर, दोन झाडांमध्ये, जमिनीपासून जेमतेम चार मीटर. इतकी खाली वायर असली की लहरी जवळपास सरळ वर जातात आणि आयनोस्फियरवरून परतून छत्रीसारख्या दोन-तीनशे किलोमीटरवर पसरतात. डोंगर आडवा येत नाही. गाडीच्या बॅटरीवर वीस वॉट, आणि मित्र मिळाला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला होता. तसल्या दिवसांत मोबाइलचे टॉवर बंद पडले तर मला ही वायर जवळ हवी.

परवान्याची प्रत खिशात ठेवा, गडावर कोणी ना कोणी विचारतंच. परीक्षा दूरसंचार विभागाची. परवान्याच्या खालच्या ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही. स्वस्तातले सेट पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवरही चालतात, तिथं चुकूनही बटण दाबू नका. हॅमवर धंद्याचं बोलणंही चालत नाही. जेवणानंतर जाऊ नका, तांबडा-पांढरा ओरपून तटावर चढवत नाही.

आणि वायर झाडावर टाकायला सुतळीला अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधा. दगड सुटतो. आमचा भावाच्या गाडीच्या बॉनेटवर सुटला.